सासूबाईंच्या नाकाखालचं गुलाश

खोटं पचवायची माझ्यात धमक नाही, तरी परवा सासूबाईंशी बोललेच. त्या पक्क्या शाकाहारी, पुण्याहून जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्याकडे आलेल्या. नेमकं तेव्हाच लेकीने किटामधल्या, म्हणजे तिच्या पाळणाघरातल्या, लेनाला जेवायला बोलावलं आणि परस्पर मेनूही ठरवून टाकला: बटाटे घातलेलं बीफ गुलाश!

"आई, मटण करतेय हं," 'मोठ्याचं' हा शब्द गिळून मी घाईघाईने सांगून टाकलं.

"कर की."

दीड तास झाला तरी तुकडे रबरासारखेच. लेना टेबलावर चमचा आपटत "हुंगर! हुंगर!" म्हणत भुकेने ओरडतेय आणि तिच्या आईला आता काय तोंड दाखवू, या विचाराने मला घाम फुटलेला. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"आच कमी कर, झाकण ठेव. बटाटे आत्ता नकोत, शेवटी घाल. आणि कांदा करपलाय, चिमूटभर साखर टाक."

"अहो आई, तुम्ही तर कधी चाखलंही नाहीत!"

"पस्तीस वर्षं तुझ्या सासऱ्यांना मटण करून घातलंय. सगळं वासावर."

तोवर पोरींच्या हातात त्यांनी तूप-साखर लावलेली पोळी गुंडाळून दिली. पाऊण तासाने मांस चमच्याने तुटायला लागलं. लेनाने दोनदा मागून घेतलं.

मी भारावून म्हणाले, "आई, तुमच्या नाकाला मानलं!"

"मानलंस ना?" लेनाच्या ताटलीत स्वतःच्या हाताने आणखी वाढत त्या म्हणाल्या, "मग यापुढे मोठ्याचं असेल, तर मोठ्याचं आहे म्हणूनच सांगत जा."