माती ती माती

हॅलो? … हॅलो, ताई! बरं झालं तूच केलास. मी आत्ता तुला लावणारच होते. अगं, उभी आहेत! … रोपं गं! माझी टोमॅटोची रोपं! ताठ मानेनं…

काय? … कसली किल्ली?

अगं बाई. … हो, दोन्ही माझ्याकडेच आहेत. एक पर्समध्ये आणि एक… थांब, ही ॲप्रनच्या खिशात खुळखुळतेय. सॉरी, सॉरी, सॉरी. सकाळी घाईत दोन्ही उचलल्या असणार. तू कुठेयस? … जिन्यात? दुधाच्या पिशव्या घेऊन? … ओरडू नकोस ना. शेजारच्या काकूंकडे तिसरी आहे. आईनं मुद्दाम ठेवलीये, माझा भरवसा नाही म्हणून. … हो, घरीच असतात त्या. वाजव बेल. आणि फोन ठेवू नकोस!

मिळाली? बघ. आता दूध फ्रीजमध्ये टाक आणि खुर्चीवर बस. … बसलीस? … नाही गं, बरी आहे मी. वेडबिड काही लागलेलं नाही. थोडंसं लागलंय.

तुला आठवतं, माझा तो जिवाणू? … हो हो, ‘तुझा तो किडा’. किडा नाही गं तो, शंभरदा सांगितलं. … बरं बाई, किडा. टोमॅटोच्या मुळाशी राहतो आणि झाडाला आधीच जागं करतो. म्हणजे झाडानं आपले कडीकोयंडे लावून बसायचं, मग मर रोगाचे जंतू आले तरी ते तग धरतं. निदान धरायला हवं. काचेच्या नळीत धरत होतं ना! कुंडीत घातलं की माझा पठ्ठ्या ढिम्म. रोपं भराभर माना टाकायची. … हो, गेल्या वर्षीही. … हो, त्याच्या आधीही. चोळ, जखमेवर मीठ चोळ.

आणि सर काय म्हणाले होते? … तेच. या खेपेला जमलं नाही तर जिवाणू गुंडाळायचा आणि दुसरा विषय घ्यायचा. … पानांची लांबी-रुंदी मोजायची! अगं, मी त्याला तळहातावरच्या फोडासारखा जपलाय. तू हस, हस. मी मात्र सकाळपासून सारखी दाराकडे बघतेय. सर बघायला येणारेत ना आज. येतीलच इतक्यात.

हो, हो… अगं ऐक ना! सांगतेच आहे. काचघराचं दार उघडलं. पहिला ट्रे, माना टाकलेल्या. दुसरा, तसाच. भिंतीकडचे सगळेच गेले. खरं सांगू? मी तिथेच फतकल मारून रडले. … नाही, कुणी बघितलं नाही. मग नाक पुसलं, उठले आणि खिडकीजवळच्या शेवटच्या ट्रेकडे गेले. ताई… अर्धा ट्रे हिरवागार! डाव्या बाजूची सगळीच्या सगळी टवटवीत. जणू काही झालंच नाही!

अर्धाच. उजवी बाजू मेली. … अगं, वाईट कसलं, तेच तर चांगलंय! उजवीकडे मी जिवाणू घातलाच नव्हता. डावीकडे घातला होता. रोगाचे जंतू दोन्हीकडे सारखे ओतले. म्हणजे रोग त्या ट्रेपर्यंत पोचला, उजवीकडच्यांना त्यानं आडवं केलं, आणि डावीकडच्यांना… हो! हो! तेच! बघ, तुला पटकन कळलं. उगाच म्हणतेस डोक्यावरून जातं म्हणून.

पण एक भानगड आहे. याच ट्रेमध्ये का? बाकीच्यांतही डावीकडे हाच जिवाणू होता. बियाणं तेच, पाणी तेच, माती तीच. सर पहिलं हेच विचारणार. मी काय सांगू, याच ट्रेमध्ये त्याचं मन रमलं म्हणून? … नशीब? नशीब प्रबंधात घालता येत नाही गं.

थांब. थांब जरा… या ट्रेच्या चिकटपट्टीवर अक्षर तुझं आहे. … माझं नाही, तुझंच. माझं मनगट मुरगळलं होतं तेव्हा तू कुंड्या भरायला आली होतीस, आठवतं? हा तू भरलास.

काय? … ताई, काय केलंस? … नाही रागावत. … नाही म्हटलं ना. बरं, शपथ. बोल आता.

माती संपली? कुठली, निळ्या पिंपातली? … बरं, मग? … हो, झोपले होते मी, टेबलावर डोकं ठेवून. … घोरत होते, हे सांगायलाच हवं का? … मला उठवायचं जिवावर आलं तुझ्या. बरं. गुणाची गं. मग माती आणलीस कुठून?

दाराशेजारच्या पोत्यातली!

ताई, ती कच्ची माती गं! बागेतून खणून आणलेली, गांडुळं-बिंडुळं सगळी त्यात. पिंपातली आम्ही वाफेवर शिजवून घेतो. आपल्या कुकरचा थोरला भाऊ आहे इथे, त्यात. मातीत जिवंत काही उरायला नको, कुणाची लुडबुड नको, म्हणून. आणि तू… काय म्हणालीस? ‘माती ती माती’? अस्तर संपलं तर गिऱ्हाइकाच्या कोटाला पडद्याचं कापड लावतेस का तू? … लावलंयस? कुणाच्या? … माझ्याच?

नाही गं, रडत नाहीये. हसतेय. … दोन्ही करतेय, राहू दे.

अगं, तू काय केलंस, कळतंय का? मी इतके दिवस स्वच्छ हवं, स्वच्छ हवं करत त्या बिचाऱ्याला मेलेल्या मातीत एकट्याला टाकत होते. ओसाड इमारतीत एकच राखणदार ठेवल्यासारखं. तो हाक मारणार कुणाला? तुझ्या मातीत त्याला सोबत मिळाली. नुसत्या मातीनं भागलं नाही, उजवी बाजू मेलीच की. आणि एकट्या त्याच्यानंही भागलं नाही. मिळून केलं त्यांनी! … असं वाटतंय हं. वाटतंय म्हणते, एका ट्रेवर काही सिद्ध होत नाही. पुन्हा करायला हवं, कच्ची आणि शिजवलेली समोरासमोर ठेवून. पण सर करू देतील तर ना!

हो, खरं तेच सांगणार. … तुझ्यावर ढकलतेय कुठे, श्रेय देतेय! पण ताई, तसं बघितलं तर चूक ती चूक. आणि चुकीला सर फार कडक. बाटलीवर तारीख नव्हती म्हणून अख्खा खण रिकामा करायला लावला होता त्यांनी. …

आले. बूट वाजताहेत. ठेवू नकोस हं, तशीच खिशात टाकते तुला.

या सर. … हो सर, हाच. … डावीकडे घातला होता, उजवीकडे नाही. … नाही सर, माती वेगळी पडली. पोत्यातली, कच्ची. … बहिणीनं भरला. … मी? मी झोपले होते, सर.

ताई, आहेस? हळू बोल. सरांनी एक रोप उपटलं, मुळं धुतली, भिंगातून बघताहेत. … काय माहीत, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. … उठले. दाराकडे चालले. ताई, चालले ते! संपलं गं सगळं, आता मी आणि माझी फूटपट्टी…

नाही. पोतं! पोतं ओढून आत आणताहेत! सर, थांबा, पाठ धरेल, मी घेते! … ऐकत नाहीत. बाह्या दुमडल्या. ताई, सर स्वतः कुंड्या भरताहेत, कच्च्या मातीनं! … काय सर? … हो सर. आणते सर. लगेच आणते.

ऐकलंस का? … ‘तुझा जिवाणू काढ बाहेर’ म्हणाले. तुझा म्हणाले, ताई! … हो, आता खरंच रडतेय. ठेव, ठेव, मला धावायचंय.