देव्हाऱ्यामागचं सॉकेट

माझं माहेर खटाव तालुक्यातलं, पाण्याची बोंब असलेलं गाव, दोन हंडे पाणी आणायला अर्धी सकाळ जायची, म्हणून की काय मला लहानपणापासून पाण्याचं वेड. लग्न होऊन कळव्याला आले, चाळीतली एक खोली, दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार, त्यांची फोडणी आमच्या नाकात आणि आमचं भांडण त्यांच्या कानात. तुमी विचारलं ना ताई, लिहायला कुठून सुरुवात करू, तर त्या दारापासनं करा, कारण पुढचं सगळं त्या दारामुळं झालं. नवीनच लग्न होतं तेव्हा मी ह्यांना बोललेले, अहो, सकाळी उठून दार उघडावं आणि समोर नुसता समुद्र असावा, एक दिवस तरी. हे बोलले, बरं. ह्यांचा शब्दच तो. मीठ कमी आहे, बरं. पाहुणे येतायत, बरं. भांडायला गेलं तरी बरं, मग माणूस भांडणार कोणाशी?

तसा समुद्र मी बघितला, नाय असं नाय, गिरगावला दोनदा गेलेलो, भेळ खाल्ली, साडी भिजवली आणि परत आलो. पण तो दारातला समुद्र राहिलाच.

हे वागळे इस्टेटला गॅरेजात मिस्त्री, बत्तीस वर्षं. मी पण तिथंच, पुढच्या गल्लीत, ट्रान्सफॉर्मरची वायर गुंडाळायच्या कंपनीत. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जायची तर हे इंजिनावर वाकलेले, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला, डॉक्टरच्या नळीसारखी, आणि डोळे मिटलेले. मालक विचारायचा काय झालंय, हे डोळे न उघडता सांगायचे दोन नंबरचा इंजेक्टर. आणि तोच निघायचा, काय सांगू तुम्हाला. पुढं ती स्कॅनर मशीन आली, गाडीला लावली की बिघाडाचा कोड दाखवायची, तेव्हा हे चिडायचे. बोलायचे, कानात बिघाड झाल्यावर मशीन घ्यायची. मला तिथंच यार्डात गाडी पुढं-मागं करायला शिकवली, मोठ्या गाड्यासुद्धा, लायसन काढून दिलं, पण यार्डाच्या गेटाबाहेर कधी नेली नाय मी. बाहेर ह्यांनी चालवायची, मी बाजूला बसायचं, तसंच होतं.

रिटायर झाले आणि एका शाळेची जुनी मिनीबस घेऊन आले. मी बोलले हे काय. हे बोलले, तुझं दार. तेवढंच. ताई, मला आधी कळलंच नाय, आणि कळलं तेव्हा मी आत जाऊन पीठ मळत बसले, कारण नसताना, संध्याकाळची वेळ पण नव्हती. चाळीच्या मागं मोकळी जागा आहे तिथं गाडी लावली आणि दोन वर्षं रोज ह्यांनी काम केलं. सीटा काढल्या, पलंग बसवला, ओटा, छोटं बेसिन, वर पाण्याची टाकी, कागदपत्रंसुद्धा सगळी करून घेतली. वायरिंग मी केलं, खोटं नाय सांगत, आतले सगळे दिवे माझ्या हातचे आहेत. आणि मोठं सरकतं दार ठेवलं बाजूला, पलंगाच्या बरोब्बर समोर. अलिबागपासून धरायचं आणि कडेकडेनं वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, असं ठरलेलं.

देव कुठं ठेवायचे यावर मात्र वाजलं. मी बोलले चालवणाऱ्याच्या समोर पायजेत. मग स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, खालपासून वरपर्यंत प्लायवूडची पेटी ठोकून ह्यांनी देव्हारा केला, वर गणपती, अन्नपूर्णा, आमच्या गावची जोगूबाई. दसऱ्याला झेंडू घातला, चाकाखाली लिंबू ठेवला. दिवाळीनंतर निघायचं. आणि दिवाळीच्या आधीच ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर बोलले ऐकू येतं, कळतं सगळं, फक्त शब्द बाहेर येणार नाय. एकच शब्द राहिला बघा तोंडात. बरं. तो तरी का राहिला, देवाला ठाऊक.

गाडी बंद ठेवली तर बॅटरी मरते, म्हणून दर रविवारी मी चालू करायची, ह्यांना व्हीलचेअरवर गाडीजवळ आणून बसवायची. तर गाडी चालू झाली की हे काय करायचे, डावा तळहात तोंडापुढं धरायचे आणि त्याच्यावर फू फू करायचे. मला वाटायचं उकडतंय. मी पेपर घेऊन वारा घालायची. हे अजून जोरात फू फू करायचे, मान हलवायचे, डोळ्यात पाणी यायचं. मी बोलायची, अहो घालते ना वारा, मला पण दोनच हात आहेत. चिडायची मी ताई. आठ महिने.

नितीन, आमचा मुलगा, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो, अकराव्या मजल्यावर. चांगला आहे, वाईट नाय, दर रविवारी येतो बापाची दाढी करायला. तो एकदा आला आणि बोलला, आई, हा पिवळा दिवा पेटलाय, इंजिनाचा, आणि रेस केली तर गाडी उचलत नाय. विकून टाकू, गिऱ्हाईक आहे माझ्याकडं. मी बोलले नाय. तो बोलला, पप्पांना अशा गाडीत घालून तू घाट उतरणार? रस्त्यात बंद पडली तर काय करशील? बरोबरच होतं त्याचं. मी बोलले, दिवा का पेटलाय ते मला कळू दे, मग विक म्हणशील तर विकीन. तसं वचन घेतलं त्यानं माझ्याकडनं.

मग त्यानं मोबाईलवरनं अंगठ्याएवढं एक यंत्र मागवलं. पण ते लावायचं कुठं? गाडीत एक सॉकेट असतं, स्टिअरिंगच्या आसपास, सोळा भोकांचं. आम्ही टॉर्च घेऊन पार खाली झोपून शोधलं. नाय. नितीन बोलला देव्हाऱ्याच्या पेटीत गेलं असणार, प्लाय कापायला लागेल. पप्पांनी मशीनच्या रागानं सॉकेटच बंद करून टाकलं. मला पण तसंच वाटलं. आता देव हलवायचे म्हणजे खाली तांदळाचं ताम्हण पायजे, सवाष्णीनं हलवायचे, मी सगळं घेऊन आले, जोगूबाईला हात लावणार तर ह्यांनी चेअरवरनं हात हलवायला सुरुवात केली. बरं, बरं, बरं. आम्ही दोघांनी उचलून ह्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, आठ महिन्यांनी बसले तिथं, आणि ह्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं देव्हाऱ्याच्या खालच्या फळीचा कोपरा दाबला. टक् झालं. फळी उघडली. आत लोहचुंबक लावलेलं, छोटी बिजागरी, आणि मागं ते सॉकेट, धूळ नाय की काही नाय. देवांना हात न लावता उघडेल असं करून ठेवलेलं. एवढ्या शिव्या घातल्या त्या मशीनला आणि तिच्यासाठी दार ठेवलेलं बघा. नितीन बापाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

पण त्याचं ते अंगठ्याएवढं यंत्र काही बोलेना. मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरत बसलं. नितीन बोलला बघ, झालं आता. मी बोलले, तुझं यंत्र मुकं निघालं म्हणून माझी गाडी विकू काय?

दुसऱ्या दिवशी मी वागळे इस्टेटला गेले. मशीनी विकायचं दुकान आहे तिथं, काउंटरवर मालकाची सून बसते, प्राजक्ता, इंजिनिअर पोरगी, काकी काकी करून बोलते. मी सॉकेटचा फोटो आणि गाडीचं आरसी बुक समोर ठेवलं. तिनं आधी मशीन दाखवलीच नाय, मलाच प्रश्न विचारले. गाडी बारा व्होल्टची की चोवीसची, चोवीसला बारावाली लावली तर जळून जाते. डिझेल ना? कुठल्या सालची? काय त्रास देते? मी सांगितलं, बारा व्होल्ट, रेस केली तरी उचलत नाय. मग तिनं तीन ठेवल्या. एक नितीनसारखीच, ती बोलली ही छोट्या कारसाठी, तुमच्या इंजिनाशी हिची भाषा जुळेलच असं नाय. एक मोठी, टीव्हीएवढी, सगळं करते, दर वर्षी पैसे देऊन तिच्यात नवीन माहिती भरून घ्यायला लागते, ती बोलली काकी, गॅरेज टाकायचंय का? नाय ना? मग राहू द्या ही. आणि एक मधली, हातात मावणारी, डिझेलच्या मिनीबसचं वाचते, ब्रेकचं पण वाचते, आणि चालू गाडीत कुठला आकडा कसा वर-खाली होतोय ते दाखवते. मी बोलले, हीच द्या, पण काय बिघडलंय ते सांगेल ना? ती बोलली, काकी, थर्मामीटर ताप सांगतो, ताप कशानं आला ते सांगतो का? कोड आला की लिहून घ्या, लगेच पुसू नका, कारण शोधा, मग पुसा. मी विचारलं, आणि माझ्या टाकीचं, पंपाचं, दिव्यांचं? ती हसली, ते हिला दिसत नाय, त्याचं मशीन तुमीच. मी तिच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या टेम्पोला लावून बघितली, शिकून घेतली, मगच पिशवीत टाकली. येताना ह्यांचं जुनं गॅरेज लागलं. आत गेले नाय. गेले असते तर मला तो वाकलेला माणूस दिसला असता, डोळे मिटलेला, आणि मग मला घरी येववलं नसतं.

रविवारी नितीन आला. ह्यांना गाडीत बाजूच्या सीटवर बसवलं, फळी दाबली, मशीन लावली. आकडे आले, पी शून्य दोन नऊ नऊ. नितीननं मोबाईलवर बघून वाचलं, टर्बोचा दाब कमी. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. मी रेस दिली, आकडा वर जाईना. ह्यांनी परत सुरू केलं, तळहात तोंडापुढं, फू फू. मी पेपर घ्यायला वळले सवयीनं. आणि थांबले.

मी खाली उतरले, बॉनेट उघडलं, नितीनला बोलले रेस दे. तो बोलला आई, हात घालू नको. फिरत्या पंख्यापासून लांब राहून मी टर्बोची हवा नेणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या बाजूनं हात फिरवत गेले, हळूहळू, आणि जोडाच्या खाली माझ्या तळहातावर हवा बसली. गरम. फू फू. ह्यांची फुंकर जशीच्या तशी. पाइपाला बोटभर चीर होती.

ताई, मी तिथंच खाली बसले. आठ महिने हा माणूस मला एकच गोष्ट सांगत होता, रोगाचं नाव, जागा, सगळं, आणि मी त्याला पेपरानं वारा घालत होते. मला वाटलेलं ह्यांचं बोलणं संपलं. बोलत होते हो ते, मीच ऐकत नव्हते. मी वर गेले आणि ह्यांचा हात माझ्या तोंडापुढं धरून मी फू फू केलं, आणि हे हसले, अर्ध्याच तोंडानं, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले.

पाइप नवीन टाकला, आकडा वर गेला, मग कोड पुसला. दिवा परत आला नाय. नितीननं गिऱ्हाइकाला माझ्यासमोर फोन लावला, बोलला, गाडी विकायची नाय, आईची आहे.

मागच्या रविवारी सकाळी चाळीच्या गेटाबाहेर मीच काढली गाडी. घोडबंदर रोडनं गायमुखापर्यंत, नितीन मागं पलंगावर मुठी आवळून बसलेला, मी बोलले श्वास घे रे. खाडीच्या कडेला लावली, ह्यांना पलंगावर टेकवलं, ओट्यावर चहा ठेवला आणि ते सरकतं दार उघडलं. पाणी होतं समोर. खाडीचं, गढूळ, पण होतं. ह्यांनी डावं बोट केलं, पाण्याच्या पलीकडं, लांब. मी बोलले, कळलं हो मला, हे नाय, तो. जाऊ.

मला ह्यांचा आवाज पायजे ताई, खोटं कशाला बोलू, शेजारी बसून नुसतं दोन नंबरचा इंजेक्टर असं बोलले तरी चालेल. ते नाय मिळणार, डॉक्टरनं सांगितलंय. पण मशीन देव्हाऱ्याजवळ ठेवलीय, दसऱ्याला तिला पण हळदकुंकू लावणार. दिवाळीनंतर अलिबाग धरायचं असं ठरवलंय. तुमचं पण भलं होऊ दे, तुमच्या घरातलं माणूस काही सांगत असेल तर तुम्हाला आठ महिने लागू नयेत. काल मी ह्यांना विचारलं, जायचं ना नक्की, मी चालवली तर भीती नाय ना वाटणार?

बरं, बोलले. आणि चालवणाऱ्याची जागा मला करून द्यावी तसे जरा बाजूला सरकले.