होतारूचा डोळा आलाय!

नाही पण मला सांगा, यंत्राला कधी कुणी 'दमलास का रे?' म्हणून विचारतं? आमचे साहेब विचारतात! तोकुनागा-सान!

तुम्हाला सांगते, नागोयाच्या आमच्या कारखान्यात अवकाशयानाचं अंग तपासायचं तर हिराओकानेच. हिराओका म्हणजे मी! कुठे ओरखडा, कुठे फोड, बॅटरी घेऊन इंच न् इंच बघायची. आणि मग हा आला... लांबलचक हात, टोकाला कॅमेरा. नाव ठेवलं होतारू, म्हणजे काजवा. इतकी वर्षं मी नुसती हिराओका-सान, आणि हा आल्या दिवशी होतारू-चान! सान कुणालाही म्हणतात, चान तान्ह्या बाळाला हो! थंडीत कारखान्यातल्या पोरींनी त्याला लोकरीची टोपी विणली. मला कुणी साधा मोजा नाही दिला. पण जळते का मी? छे!

तर परवा मी यान बघून 'ठीक' असा शिक्का मारला, आणि मागून हा बाळराजा फिरता फिरता एका जागी अडला. टिंग टिंग टिंग! तोकुनागा-सान धावले, "काय झालं रे राजा?" मला नाही, त्याला! मी म्हटलं, "काही नाही साहेब, डोळा आलाय त्याचा."

"हिराओका-सान, तुम्ही नीट पाहिलंत ना?"

हे विचारणं झालं? भिंग आणलं, मी डोळा लावला... आणि खरंच की! केसाएवढी भेग! परतीच्या वाटेवर हवेला घासून यान तापतं, तिथूनच आग आत शिरली असती, आणि आत माणसं बसणार होती हो! मी कमरेत वाकले, म्हटलं, "चुकलं माझं. भेग आहे."

टाळ्या कुणाला? त्याला! संध्याकाळी साकेचा पहिला पेला त्याच्याच नावाने. मीही उचलला. माणसं वाचली, खरंच बरं वाटलं... पण म्हणून जळते का मी? छे! थोडीशी.

वर तोकुनागा-सान म्हणतात, "होतारू-चानची काच पुसायला अलगद हाताचं कुणीतरी हवं." सगळ्या माना माझ्याकडे!

काल मऊ फडकं घेऊन समोर उभी राहिले, तर मेल्याने माझाच चेहरा तपासला! पडद्यावर कपाळ, गाल, डोळ्यांखाली, जिकडे तिकडे लाल गोल! 'पृष्ठभाग असमान. बारकाईने पाहणे आवश्यक.' पोरी खिदळल्या. मी तोंड फिरवणार होते... मग म्हटलं, बघ बाबा, हवं तेवढं बघ. इतकं निरखून आमच्या ह्यांनीसुद्धा कधी पाहिलं नाही!