बुजवलेलं भोक

दाढदुखीने गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारच्या बाकावरचं सगळं ऐकू येत होतं. तिथे एक म्हातारे माळी आणि त्यांची सहा वर्षांची नात डॉक्टरांची वाट बघत होती.

"काय गं, पहिल्या दिवशी गोल्फच्या सरांनी काय शिकवलं?"

"काठीने चेंडू हळूच ढकलायचा आणि भोकात घालायचा."

"मग, गेला?"

"माझी पाळी येईपर्यंत मी भोक बुजवून टाकलं."

"काय केलंस?"

"तुम्हीच म्हणता ना आबा, हिरवळीत खड्डा दिसला की आधी भरायचा. मी वाळू ओतली आणि पायाने छान दाबली."

"अगं बये! तीस वर्षं त्याच मैदानावर रोज सकाळी ते भोक मीच पाडत होतो. तेवढं एक ठेवायचं असतं!"

"हे कुठे सांगितलं होतंत?"

"चुकलंच माझं. सर रागावले?"

"मुलं ओरडली. सर वाकून बघत म्हणाले, इतकं सफाईदार काम कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. तर म्हणाले, उद्या त्यांना घेऊनच ये."

"मला? कशाला?"

"आबा, तुम्ही किती चेंडू घातलेत?"

"एकही नाही. आपलं काम गवताचं. काठी कधी हातात घेतलीच नाही."

शिंपीणबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी हातानेच मागच्या बाईंना पुढे जायला सांगितलं.

"मग उद्या पहिला चेंडू तुमचा."

"आणि नाही गेला तर?"

"मी भोकापाशीच बसते ना. सर वळले की हाताने ढकलीन."