नवस माझा, तोंड त्यांचं

...आणि वर मलाच विचारतात, असला नवस बोलतं का कुणी? तुम्हाला सांगते, आजवर मी नवस बोलले ते सगळे स्वतःच्या जिवावर. उपास माझा, अनवाणी चालणं माझं. हा एकच असा झाला, की नवस माझा आणि तोंड त्यांचं!

त्यांचं म्हणजे आमच्या ह्यांचं हो. हे कारखान्याच्या गोदामात, आलेला माल तपासायला. दिवसभर पेट्या उघडायच्या, खोट काढायची, माल परत पाठवायचा. तिथे करा की, कोण नको म्हणतंय? पण घरी आल्यावर तेच माझ्या ताटाशी. गाजर? परत. पालक? परत. कोबीचा एकेक धागा वेचून ताटाच्या कडेला असा रांगेत लावायचा, की वाटावं आता सलामी देतोय! आणि सासूबाई शेजारी बसून, "राहू दे गं सूनबाई, बाळाला हिरवं बाधतं." बाळाच्या मिशा पिकल्या, तरी बाळाला हिरवं बाधतंच आहे. फळ कापून द्यावं तर बशी तशीच, वर माशी बसलेली. आणि ती कडेची रांग ताट घासताना मी निपटायची, निमूट. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, देव साक्षी आहे. पण विसरतही नाही...

तर ह्यांचं पोट दुखायला लागलं. जेवण जाईना, वजन उतरलं. सासरे पोटाच्या कॅन्सरनेच गेलेले, त्यामुळे घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण प्रत्येकाच्या डोळ्यांत तोच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घशातून कॅमेरा घालून बघू. ह्यांना आत नेलं, आणि मी बाहेर त्या गार बाकावर हात जोडले. म्हणणार होते, देवा, ह्यांना सुखरूप ठेव, मी गोड सोडते. खरंच तेच म्हणणार होते. पण डोळे मिटले आणि समोर काय आलं? ताटाच्या कडेची ती रांग! आणि तोंडातून निघून गेलं, "देवा, रिपोर्ट चांगला येऊ दे, हे जन्मभर दोन्ही वेळा भाजी खातील आणि वर एक फळ. कुरकुर न करता."

कुरकुर न करता! हे कोण बोललं माझ्या आतून, देव जाणे.

रिपोर्ट आला. नुसती सूज. मी रडले, सासूबाई रडल्या, हे पाणी प्यायले. मग मी नवस सांगितला, तेव्हा हे रडायच्या बेताला आले.

"तू बोललीस ना? मग तू फेड."

"कशी फेडू? नवस माझा, तोंड तुमचं."

आणि गंमत ऐका. सासूबाई देवाला माझ्यापेक्षा भितात. त्याच आता ह्यांच्या ताटाशी पहारा देतात, "गीळ बाळा, नवसाचं आहे." ज्या तोंडाने बाधतं म्हणाल्या त्याच तोंडाने! मी नुसती वाढते. पालक वाढते, भोपळा वाढते, बीट वाढते... हळूच, प्रेमाने, आणखी एक डाव. इतकी वर्षं निपटलेल्या रांगा एकेक करून परत ताटात येताना बघायला काय शांत वाटतं म्हणून सांगू!

तपासणीला पुन्हा गेलो तेव्हा मीच म्हटलं, बाई, ह्यांना सांगा ना, भाजी खाल्ली की कॅन्सर होत नाही म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, अशी हमी कुणी देऊ नये. भाजीफळं खाणाऱ्यांना धोका थोडा कमी असावा असं दिसतं, तेव्हा खायचीच. पण बाकीचंही बघा, सिगारेट, जास्त मीठ, खारवलेलं... "खारवलेलं कोण खातं घरात?"

झालं. आयुष्यात डॉक्टरपुढे तोंड न उघडणारा माणूस खुर्चीत सरसावून बसला.

"लोणचं हिचं. भाजी मला वाढते आणि स्वतः ओट्याशी उभ्याने लोणच्याशी जेवते. बरणीच्या बरणी."

बाहेर आलो, तर हे अगदी शांतपणे म्हणतात, "त्या टेबलावर पडलो होतो ना, तेव्हा मीही एक बोललो होतो. मी यातून उठलो, तर हिचं लोणचं सुटेल."

आता सांगा! ज्या माणसाने जन्मात देवापुढे हात जोडले नाहीत, तो घशात नळी असताना नवस बोलेल? खोटं, साफ खोटं. पण... समजा खरं असलं तर? रिपोर्ट तर चांगला आलाय. मोडायचा कुणी?

"आणि नवस माझा," हे म्हणाले, "तोंड तुझं."

तेव्हापासून समोरासमोर बसतो दोघं. मी ह्यांच्या ताटाकडे बघते, हे माझ्या. भाजी दोघांनाही तीच, अळणी. बरणी सासूबाईंकडे गेली. त्यांच्यावर कुणाचाच नवस नाही. रोज मिटक्या मारत विचारतात, सूनबाई, पुढचं कधी घालणार?

तर बायांनो, तुम्हीही घरच्या माणसासाठी असा नवस बोला. भाजीचाच बोला, माझं ऐका, देव ऐकतो. फक्त बोलायच्या आधी आपली बरणी तेवढी संपवून घ्या.