साहेब आले की नेटवर्क गेलं

तुमी व्हायरसचं काय सांगता राव, माझं नेटवर्क साहेबांमुळं जायचं!

कळमनुरीच्या एका ऑफिसात मी युनिक्सवर चालणारी सहा कॉम्प्युटर मशीनं बसवली होती. सगळी एकाच वायरीवर. एक जोड हलला की सहाही बंद. दिवसातून चार-पाच वेळा नेटवर्क जायचं आणि आपोआप यायचं. मी वायर बदलली, मशीनातली नेटवर्कची कार्डं बदलली, तासतासभर बघत बसायचो. सगळं बराबर. तेवढ्यात साहेब दारात येऊन “झालं का?” म्हणायचे, की स्क्रीन गपगार! साहेबांची खात्रीच पटली, ह्याला काही येत न्हाई.

शेवटी टायपिस्ट सोनुलेबाई हळूच म्हणाल्या, “मशीनकडंच काहून बघून राहिले? साहेब आले की आमच्याकडं बघा.”

बघितलं. साहेब आले, सगळे ताडकन उभे राहिले आणि बाईंची खुर्ची मागं सरकून वायरीच्या जोडावर आदळली. बाई खुर्ची पुढं ओढून बसल्या, की परत चालू.

धीर करून साहेबांना सांगितलं. माणूस मोठ्या मनाचा. सगळ्यांना खाली बसवलं आणि म्हणाले, “आजपासून माझ्यासाठी कुणी उठायचं न्हाई. समजलं?”

सगळे ताडकन उभे राहिले. “व्हय, साहेब!”

सहाही स्क्रीन गपगार.