तारीख फाइलचीच ठेव

मंगळवार होता, म्हणून तर ती सहावी सीडी अजून प्लास्टिकमध्ये आहे. तू विचारलंस ना, सहा कप्पे आणि पाचच का भरलेत. सांगते. आधी ती केबल सोड सावनी, ओढू नकोस, तिला दोन्ही बाजूंना स्क्रू असतात—थांब, चष्मा कुठे ठेवला मी—हां. मंगळवार, सव्वीस मार्च. बॉयलर बघायला माणूस यायचा होता म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकलेली. तो आला नाही, टपाल आलं, आणि टपालात ही डिस्क. मी वर स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच जेवत होते, दोडक्याची भाजी होती, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात ही, पाठीमागे काय काय प्रोग्रॅम छापलेत ते वाचत—आणि फोन वाजला. दीपाचा. दीपा म्हणजे माझी भावजय, पुरूची बायको, ते कॅरीला राहतात. नॉर्थ कॅरोलायना. दीपा माझ्याशी कधी इंग्लिशमध्ये बोलत नाही. त्या दिवशी पहिलं वाक्य इंग्लिशमध्ये बोलली, तर मला वाटलं हिच्या ऑफिसातली कुणी आहे. पुरू गेला म्हणून सांगत होती. सकाळी, ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये. गाडी दोन रेघांच्या बरोबर मधे लावलेली, इंजिन बंद केलेलं, पट्टासुद्धा काढलेला. बेचाळीस वर्षांचा होता. मी पोळी खाली ठेवली, डिस्क खाली ठेवली. डिस्क तिथंच होती पाच महिने, मायक्रोवेव्हवर. आज तू येणार म्हणून खाली आणली.

नको, मला पाणी नको. तू बस. त्या खोक्यावर बस, नुसती मॅन्युअल्स आहेत त्यात. आणि एक, मला ताई नको म्हणूस. काकू म्हण, मावशी म्हण, नुसतं वसुधा म्हणालीस तरी चालेल, ऑफिसात सगळे म्हणतातच. ताई नको.

तर नीट बघून घे. हे सगळं एडिसनला तुझ्या घरी नेल्यावर मला फोन करून विचारत बसशील, आणि मी सांगेन तेव्हा, पण मग माझ्यासमोर हे नसेल ना, तोंडानं सांगता येत नाही सगळं. तू बोर्डावर येणारी, तुला आतलं काय माहीत. शेजारची बाई मला विचारायची, तुझ्या तळघरात चाललंय काय, तर मी तिला सांगायचे, एक कॉम्प्युटर आहे, त्याला फोनच्या दोन लाइनी आहेत, लोक आपापल्या घरून मॉडेमनं फोन लावतात, एकमेकांना पत्रं लिहितात, प्रोग्रॅम उतरवून घेतात. ती म्हणाली, म्हणजे लायब्ररी. म्हटलं हो, लायब्ररीच, फक्त गप्प बसा म्हणणारं कुणी नाही. बोर्डाला पाणवठा नाव पुरूनं दिलेलं. मी काहीतरी इंग्लिश ठेवणार होते. तो म्हणाला, लोक कशाला येणार, भरून न्यायला आणि बोलायला, मग पाणवठाच.

हा चेंजर. सहा डिस्क, पण वाचणारा डोळा एकच. हे विसरू नकोस. एक माणूस पहिल्या डिस्कवरचा खेळ घेतोय आणि दुसरा चौथीवरचं काहीतरी, की हा बिचारा खाडखाड अदलाबदल करत बसतो आणि दोघांचंही पुढं सरकत नाही. म्हणून मी काय केलंय, मागितलेली फाइल आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची आणि मग तिथून द्यायची. ते मी लावून ठेवलंय, हात लावू नकोस. दुसरं, सीडीवर लिहिता येत नाही. तुला माहीत आहे, मलाही माहीत होतं, तरी पहिल्या दिवशी मी लोकांच्या अपलोडची जागा सीडीवरच दाखवून ठेवली. सगळे पाठवतायत आणि सगळ्यांना एरर येतेय. पुरूनं पब्लिक बोर्डावर लिहिलं, आमच्या बहिणीनं घागर पालथी ठेवली आहे. सगळ्यांसमोर. हसलीस ना, तूही वाचलं असशील. लिहिताना तो असा होता.

बोलताना अडखळायचा. फार. समोरासमोर कमी, तोंड बघून लोक थांबतात तरी, पण फोनवर—फोनवर पहिला शब्दच निघायचा नाही. पलीकडच्याला वाटतं लाइन कट झाली, तो ठेवून देतो. मग पुरू परत लावणार, परत तेच. त्याचे फोन मी करायचे. सांगलीला असल्यापासून, अकरावी मॅट्रिकच्या निकालाला शाळेत फोन मी केला. इथं आल्यावर गॅस कंपनी, व्हिसाचा वकील, डेंटिस्ट, सगळं न्यू जर्सीतून मी. गॅसवाल्यानं एकदा विचारलं, मिस्टर पुरुषोत्तम का, मी म्हटलं हो. काय करणार, नाही म्हटलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हा बोर्ड. लोकांना वाटतं मला कॉम्प्युटरचं वेड—आहे, नाही म्हणत नाही—पण मॉडेम घेतला तो त्याच्यासाठी. रविवारी सकाळी लाँग डिस्टन्सचा दर कमी असतो, तेव्हा यायचा. साडेनऊला. त्याचा मॉडेम माझ्या मॉडेमशी किंचाळायचा, आणि मग पुरू बोलायला लागायचा, एकदाही न थांबता. इतकं बोलायचा की मीच म्हणायचे, अरे पुरे आता.

पण महत्त्वाचं असेल ते तो हातानं लिहायचा. बोर्डावर मराठी उमटत नाही ना, रोमनमध्ये खरडावं लागतं, आणि रोमनमध्ये म्हणे त्याला मनातलं लिहिता येत नाही. मग कागदावर लिहायचं, चांगलं शाईच्या पेनानं, ऑफिसातल्या स्कॅनरवर त्याचं चित्र करायचं, झिप करायचं आणि अपलोड करायचं. पत्र एक, पत्र दोन, असे नंबर देऊन. आमचीच पद्धत. मी त्याला एकदा म्हटलं, अरे पोस्टात टाक की, बत्तीस सेंटमध्ये येईल. तर म्हणाला, पोस्टात टाकलं तर तू वाचलंस हे मला कसं कळणार. इथं कळतं. मी फाइल उतरवून घेतली की समोर आकडा बदलतो ना, शून्याचा एक. तो एक झाला की त्याला बरं वाटायचं.

आता डिस्कची यादी. हे नीट ऐक, यासाठीच तुला बोलावलं, नाहीतर खोकी दारात ठेवली असती. प्रत्येक सीडीवर फाइलींची यादी असते, नाव आणि एका ओळीत माहिती. ती आपल्या बोर्डाच्या यादीत ओतायची. ओतताना प्रोग्रॅम एक प्रश्न विचारतो, तारीख कुठली घालू, आजची की फाइलची स्वतःची. नुसतं एंटर दाबलंस तर आजची घालतो. मी एंटर दाबलं. पाच वेळा. नऊ मार्चला, शनिवारी, सकाळपासून बसून पाच डिस्क चढवल्या, वीस हजारांच्या वर फाइली, आणि सगळ्यांवर नऊ मार्च. म्हणजे त्र्याण्णव सालचा खेळसुद्धा आज आलेला. मग काय होणार—नवीन काय आलंय म्हणून विचारलं की वीस हजार ओळी. तूही वैतागली होतीस, तुझा मेसेज आहे, की माझा सबंध तास तुमची यादी वाचण्यात गेला. मी हसले. खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. वीस हजार. पार्सिपनीतल्या एका बाईच्या तळघरात. म्हटलं, करू सावकाश दुरुस्त.

दहा मार्चला, रविवारी, पुरूनं पत्र टाकलं.

एकसष्टावं. मी रोज सकाळी चहा घेऊन खाली यायचे आणि नवीन काय आलंय ते बघायचे, अपलोड मंजूर करायचे, इतकीच माझी पूजा. त्या दोन आठवड्यांत यादी सुरू झाली की मी स्पेसबार दाबून पुढं, पुढं, पुढं, आणि मग बंद. कोण वाचणार. अपलोडचा कप्पा वेगळा उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं. नाही बघितला. माझं लक्ष कुठली डिस्क किती वेळा मागितली जाते त्याच्याकडे.

मग त्यानं पुन्हा का नाही सांगितलं, हेच विचारणार आहेस. मीही विचारते. लॉग काढून बघितला मी नंतर. सतरा तारखेला आला, साडेनऊला, चार मिनिटं होता. आपल्या फाइलचा आकडा बघितला, शून्य, आणि गेला. जाताना मला एक ओळ, छान झालंय ताई. मी चढवलेल्या डिस्कबद्दल. चोवीसला आला, तीन मिनिटं. शून्य. काही लिहिलं नाही. जन्मभर लोक त्याला काय, काय म्हणालास, पुन्हा सांग, असंच करत आले. त्यानं कधीतरी ठरवूनच टाकलं होतं, कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची नाही. बाहेर मी ते समजू शकते. पण माझ्याशी कधी वेळ आली नव्हती ना. मला एकदा सांगितलं की पुरायचं.

जूनमध्ये सापडलं. लोकांची कुरकुर वाढली, शेवटी सगळी यादी पुसून पुन्हा ओतली, या वेळी फाइलींच्या स्वतःच्या तारखा घालून. मग नऊ मार्चनंतर नवीन काय आलंय म्हटल्यावर अकरा ओळी आल्या. तिसरी त्याची. खाली रोमनमध्ये, ताई लवकर वाच.

एकच पान आहे. छातीत दुखत होतं महिनाभर, डॉक्टरांकडे जाऊन आलाय, ते म्हणतात हृदयाची मोठी तपासणी करावी लागेल, दोन आठवड्यांच्या आत करून घ्या. तिथल्या ऑफिसचा नंबर दिलाय. दोनदा फोन केला म्हणतो, दोन्ही वेळा त्या बाईनं ठेवला. दीपाला इतक्यात सांगायचं नाही, तिचे वडील जानेवारीतच गेले, ती नुकती तिकडून आली आहे. तपासणीची वेळ मिळाली की मग सांगेन. तू तेवढा फोन करून माझी वेळ घेशील का. गुरुवार सोडून कुठलाही वार.

एवढंच. गुरुवारी त्याची लॅबची मीटिंग असायची.

हो, त्याला स्वतः जाऊन सांगता आलं असतं. दहा मैलांवर होतं ते ऑफिस. दीपाला सांगता आलं असतं. आणि वेळ घेतली असती तरी तो वाचला असता असं कोण म्हणतंय, डॉक्टरही म्हणणार नाहीत. मी हे सगळं स्वतःला सांगून झालंय, सावनी, तू तुझा घसा कोरडा करू नकोस. मी फक्त तुला सांगत होते, एंटर दाबू नकोस. तारीख फाइलचीच ठेव. आणि लोकांच्या अपलोडचा कप्पा रोज वेगळा उघडून बघ, यादीवर विसंबू नकोस. लिहून घेतलंस? बरं.

मी काय केलं माहीत आहे, जूनमध्ये, वाचल्यावर? त्या नंबरला फोन लावला. उचलला एका बाईनं. आणि मला काही बोलताच येईना. ती दोनदा हॅलो म्हणाली, मग ठेवला तिनं. चांगली बाई होती, आवाजावरून.

आता ही खोकी तुझ्या गाडीत बसतील का बघ. चेंजर मागच्या सीटवर ठेव, ट्रंकमध्ये नको. सहावी डिस्क घेऊन जा, चढव, चांगली आहे म्हणतात, नकाशे आहेत, आकाशाचे सुद्धा. पुरूची पत्रं मी या फ्लॉपीवर काढून घेतलीत, मशीनवरची पुसली, तुला काही दिसायचं नाही. आणि नाव पाणवठाच ठेव, जमलं तर. लोक आता इंटरनेटकडे चाललेत, किती दिवस येतील कोण जाणे, पण येतील तोवर.

किती वाजले? अकरा व्हायला आले. मग तू नीघच. रविवारी अकराला दीपाचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते, आणि दर वेळी शेवटी तेच विचारते, ते तुम्हाला सगळं सांगायचे वसुधाताई, याबद्दल काहीच कसे बोलले नाहीत. मी म्हणते, नाही गं, काही बोलला नाही. ती म्हणते, तुम्हाला सुद्धा नाही म्हणजे त्यांना स्वतःलाच कळलं नसेल. तिला तेवढ्यानं बरं वाटतं असं मी धरून चालते.

जा तू. वरचं दार नुसतं ओढून घे, आपोआप बंद होतं. माझ्याशिवाय हे फक्त तुला माहीत आहे, आणि तुला सांगायचं काही कारण नव्हतं. एकसष्टावं पत्र मी दीपाला अजून दाखवलेलं नाही.